‘शोले’च्या प्रती : एका सूडकथेची पाठचिकित्सा

साहित्याच्या अभ्यासात ‘प्रत’ या संकल्पनेला जे स्थान आहे, ते चित्रपटाच्या अभ्यासात आपण अद्याप दिलेले नाही. ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीविषयी कोणी विधान केले, तर ती ओवी शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेल्या परंपरेतली की राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या प्रतीतली, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार वाचकाला असतो आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी अभ्यासकावर असते. चित्रपटावर लिहिणारा मात्र ही जबाबदारी मानत नाही. त्याने तो चित्रपट चित्रगृहात पाहिला की शेजाऱ्याकडून आणलेल्या कॅसेटवर, पूर्ण पाहिला की कापलेला, चौकटीच्या कोणत्या मापात पाहिला, याचा उल्लेख त्याच्या लेखात नसतो. चित्रपट ही एक स्थिर, एकमेव संहिता आहे आणि ती कोठेही पाहिली तरी तीच असते, असे त्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीतक किती ठिसूळ आहे, हे दाखवण्यासाठी एखादा दुर्मीळ प्रायोगिक चित्रपट शोधण्याची गरज नाही. ज्याचे संवाद गणेशोत्सवाच्या मांडवांतून ध्वनिक्षेपकावर ऐकत एक संपूर्ण पिढी वाढली, तो ‘शोले’ पुरेसा आहे.

‘शोले’ला आपण मैत्रीची कथा म्हणतो, डाकूपट म्हणतो, मनोरंजनाची भरगच्च थाळी म्हणतो. या सर्वांच्या मुळाशी असलेला रूपबंध सूडकथेचा आहे, आणि तोही एका विशिष्ट प्रकारच्या सूडकथेचा. पोलीस अधिकारी असलेला ठाकूर बलदेवसिंग गब्बरसिंगला पकडतो. गब्बर तुरुंगातून पळून येऊन ठाकूरचे कुटुंब संपवतो. विधवा सून राधा आणि नोकर रामलाल तेवढे वाचतात. ठाकूर शस्त्रावाचून त्याच्यामागे धावतो आणि गब्बर त्याचे दोन्ही हात तोडतो. यानंतर ठाकूर शासनाकडे जात नाही. तो दोन भुरट्या गुन्हेगारांना पैसे देऊन बोलावतो आणि गब्बर मला जिवंत हवा, अशी अट घालतो. शासनसंस्थेने न्याय द्यावा ही अपेक्षा सोडून दिलेल्या व्यक्तीने स्वतःच फिर्यादी, न्यायाधीश आणि दंडधारी होणे, हे या प्रकाराचे आशयसूत्र. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात ते अनेक देशांच्या पडद्यांवर एकाच वेळी दिसू लागले. अमेरिकेत १९७४ मध्ये ‘डेथ विश’ आला. आपल्याकडे त्याच्या आधीच, १९७३ मध्ये, सलीम-जावेद यांच्याच लेखणीतून उतरलेला ‘जंजीर’ येऊन गेला होता.

‘शोले’चे वेगळेपण असे की, त्यात मराठी-हिंदी भाषांतील एक रूढ वाक्प्रचार शरीराच्या पातळीवर उतरवलेला आहे. कायदा हाती घेणे, असे आपण म्हणतो. कायद्याचे हात लांब असतात, असेही म्हणतो. ठाकूर जोवर कायद्याचा सेवक आहे, तोवर त्याला हात आहेत आणि त्याच हातांनी तो गब्बरची मान आवळतो. तो कायद्याबाहेर पडतो तेव्हा त्याला कायदा घेण्यासाठी हातच उरलेले नसतात. म्हणून तो इतरांचे हात भाड्याने घेतो. संपूर्ण चित्रपटभर शालीखाली झाकून ठेवलेली ही उणीव शेवटी पायांनी भरून निघायची आहे. कथेची सर्व रचना त्या एका प्रसंगाकडे झुकलेली आहे. जय मरतो, पण त्याने ठाकूरला दिलेला शब्द उरतो. वीरू गब्बरला ठार करू शकत असतानाही त्या शब्दाखातर त्याला ठाकूरच्या स्वाधीन करतो. एका मृत माणसाच्या वचनाने बांधलेला हा करार पुरा होतो की नाही, हा ‘शोले’च्या अर्थाचा कणा आहे.

आणि नेमक्या या जागी ‘शोले’च्या दोन प्रती एकमेकींपासून वेगळ्या होतात.

दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी प्रथम चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवतो. ज्या खांबांना बांधून गब्बरने त्याचे हात तोडले, त्याच खांबांच्या जागी गब्बरचा अंत होतो. खांबातून बाहेर आलेला खिळा त्याच्या शरीरात घुसतो. त्यानंतर ठाकूर कोसळून रडतो. सेन्सॉर मंडळाने हा शेवट नाकारला. तो काळ लक्षात घेतला पाहिजे : २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि १५ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे सातच आठवड्यांनी, ‘शोले’ प्रदर्शित झाला. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने पडद्यावर कायदा हाती घ्यावा (या चित्रपटाच्या बाबतीत पायी घ्यावा, असे म्हणावे लागेल) हे त्या वेळच्या शासनाला मानवणारे नव्हते. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. नव्या शेवटात ऐन वेळी पोलीस अवतरतात. त्यांचा अधिकारी ठाकूरला त्याच्या जुन्या कर्तव्याची आठवण करून देतो, आणि गब्बर जिवंत कायद्याच्या हवाली होतो. भारतातील प्रेक्षकांनी चित्रगृहांत पाहिला तो हा शेवट. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे चालला तोही हाच.

सेन्सॉरचा हस्तक्षेप म्हटला की, कलावंताच्या अभिव्यक्तीवरील आघात या ठरावीक चौकटीत चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. येथे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. सूडाचे उदात्तीकरण होऊ नये, हा मंडळाचा हेतू होता असे मानू. त्या हेतूच्या दृष्टीने दोन शेवटांची तुलना केली, तर निष्कर्ष उलटा निघतो. पुनर्चित्रित शेवटातही ठाकूर गब्बरला तुडवतोच. प्रेक्षकाला हव्या असलेल्या आघातांचा आनंद त्याला जवळजवळ पुरा मिळतो. फक्त त्या आनंदाचा हिशेब चुकता करण्याची वेळ येते तेव्हा पोलीस येतात आणि प्रेक्षकाचे हात स्वच्छ राहतात. मूळ शेवटात ही सोय नाही. गब्बर मरतो आणि मग पडद्यावर उरतो तो हात नसलेला, रडणारा एक वृद्ध, ज्याला स्वतःचे डोळेही पुसता येणार नाहीत. सूड पूर्ण झाल्यावर त्याच्याजवळ काहीही उरलेले नाही, हे त्या रडण्यातून प्रत्ययाला येते. म्हणजे ज्या प्रतीला धोकादायक ठरवून दाबण्यात आले, तीच सूडाची किंमत दाखवते. आणि जी सुरक्षित म्हणून मंजूर झाली, ती सूडाचा आस्वाद किंमत न मोजता देते. माझ्या मते ‘शोले’विषयीच्या कोणत्याही नैतिक चर्चेत हा मुद्दा मध्यवर्ती असायला हवा.

आपल्या परंपरेला ही युक्ती नवी नाही. कर्णपर्वातील भीम दुःशासनाची छाती फोडून त्याचे रक्त पितो आणि पाहणारे योद्धे भयाने पळू लागतात. महाभारतकार ती किळस लपवत नाहीत. भट्टनारायणाने ‘वेणीसंहारा’त त्याच प्रसंगाला हात घातला, तेव्हा मात्र भीमाच्या शरीरात एका राक्षसाने प्रवेश करून ते रक्त प्यायचे, अशी योजना केली. नायकाचा सूड पुरा झाला आणि नायक बाटलाही नाही. ‘शोले’तील पोलीस अधिकारी हा त्या राक्षसाचाच सभ्य अवतार आहे, नायकाला न झेपणारे कृत्य दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्यासाठी आणलेला. फरक एवढाच की, भट्टनारायणाने ही योजना स्वतः केली आणि सिप्पींना ती करावी लागली. ‘डेथ विश’च्या बाबतीतही लेखक आणि चित्रपट यांच्यात अशीच फारकत दिसते. ब्रायन गारफील्ड यांच्या १९७२ च्या कादंबरीचा रोख सूडाने माणूस कसा विकृत होतो हे दाखवण्याकडे होता. चित्रपटाने तो सूड साजरा केला. गारफील्ड यांना ते रुचले नाही आणि १९७५ मध्ये त्यांनी त्याच नायकावर दुसरी कादंबरी लिहिली. सूडकथा हा प्रकार असा निसरडा आहे : शेवटच्या पाच मिनिटांत ती समर्थन होते किंवा समीक्षा. म्हणूनच या प्रकारात कोणती प्रत पाहिली, हा तपशिलाचा प्रश्न राहत नाही.

दाबलेली प्रत नष्ट झाली नाही. सुमारे पंधरा वर्षांनी, १९९० मध्ये, ती ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने प्रकट झाली. मौज अशी की, कायद्याच्या कक्षेबाहेर न्याय मिळवणाऱ्या माणसाच्या कथेला तिचा मूळ शेवटही सेन्सॉर कायद्याच्या कक्षेबाहेर जाऊनच परत मिळाला. पुढे डीव्हीडीच्या काळात इरॉस इंटरनॅशनलने दोन वेगवेगळ्या आवृत्त्या बाजारात आणल्या. एक दिग्दर्शकाची मूळ आवृत्ती, सुमारे २०४ मिनिटांची, मूळ शेवटासह. दुसरी सेन्सॉरसंमत, सुमारे १९८ मिनिटांची. यातून ग्राहकाला निवड करता येईल असे वाटेल, पण तसे नव्हते. मूळ शेवटाची आवृत्ती जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणातील चित्राची होती. रुंद पडद्याचे चित्र होते ते कापलेल्या आवृत्तीत. पूर्ण कथा हवी तर चौकट सोडा आणि योग्य चौकट हवी तर कथेचा शेवट सोडा, असा हा पेच होता.

पेच नीट समजण्यासाठी ‘शोले’च्या चित्रीकरणाची पद्धत माहीत असावी लागते. हा चित्रपट सत्तर मिलीमीटरचा म्हणून गाजला, तरी त्या मापाचे कॅमेरे परवडणारे नसल्याने तो पस्तीस मिलीमीटरवर चित्रित करून नंतर मोठा करण्यात आला. द्वारका दिवेचा यांच्या छायाचित्रण चमूने कॅमेऱ्यात काचेवर खुणा करून घेतल्या होत्या. त्या खुणांच्या आत रुंद पडद्याचे चित्र बसवायचे आणि वरखालचा भाग पुढे वगळला जाईल असे धरून चालायचे. रुंद चित्राचे प्रमाण २.२ ला १. सोपा हिशेब केला तर मूळ चौकटीच्या उंचीपैकी साठ टक्के भाग ठेवायचा आणि चाळीस टक्के टाकायचा होता. चौकोनी आवृत्तीत हा टाकायचा चाळीस टक्के भाग प्रेक्षकाला दिसतो.

व्हिडिओवर चित्र कापले जाते, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो आणि ती बहुतेक वेळा खरीही असते : रुंद चित्राच्या दोन्ही बाजू छाटून ते दूरचित्रवाणी संचाच्या चौकोनात बसवले जाते. ‘शोले’च्या त्या आवृत्तीत अडचण नेमकी उलट आहे. तेथे काही छाटलेले नाही, नको ते वाढलेले आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर कापलेल्या आवृत्तीचा दोष लोपाचा आणि चौकोनी आवृत्तीचा दोष प्रक्षेपाचा. पोथीत लोप झाला तर तो अर्थ तुटल्यामुळे निदान जाणवतो. प्रक्षेप जाणवत नाही. उलट तो भर वाटतो, पूर्णता वाटते. जास्त ओव्या असलेली पोथी भाविकाला जास्त पवित्र वाटावी तसे. वेष्टनावर ‘पूर्ण चौकट’ असे लिहिले की ग्राहक समाधानाने घरी जातो. प्रत्यक्षात रामगढचा खडकाळ माळ आणि त्यावर समोरासमोर उभी असलेली माणसे यांच्यातले आडवे अंतर, जे या चित्रपटातील तणावाचे मुख्य साधन आहे, ते वरच्या आकाशात आणि खालच्या मातीत विरघळून जाते. दोन शत्रूंमधली जागा रिकामी असणे आणि त्यांच्या डोक्यावरची जागा रिकामी असणे, यांचा अर्थ एकच नव्हे.

येथे एक आक्षेप संभवतो. सत्तर मिलीमीटरच्या प्रती मोजक्या चित्रगृहांतच लागल्या. तालुक्याच्या गावात आणि तंबूत ‘शोले’ पस्तीस मिलीमीटरवरच पोहोचला. तेव्हा रुंद चौकट हीच खरी, असे म्हणणे हा महानगरी आग्रह नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. ग्रहणाच्या इतिहासात त्या पस्तीस मिलीमीटरच्या प्रतींना स्वतंत्र स्थान द्यावेच लागेल. परंतु रचनेचा विचार करताना कॅमेऱ्यावरील खुणा हा पुरावा डावलता येत नाही. लेखकाने समासात रेघ मारून ठेवली असेल, तर समासाबाहेरचा मजकूर संहितेचा भाग मानायचा की नाही, याचे उत्तर त्या रेघेने दिलेले असते.

आता गुणवत्तेचा प्रश्न. रसिकांच्या बोलण्यात ‘प्रिंट चांगली नाही’ ही एक किरकोळ कुरकुर असते. समीक्षेच्या दृष्टीने तिच्यात अर्थनिर्णयाचा मुद्दा दडलेला आहे. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत आपल्याकडे कॅसेट लायब्ररीतून फिरणारी फीत बहुधा नकलेची नक्कल असे. व्हीएचएस फितीची चित्र धारण करण्याची शक्ती मुळात तोकडी, आडव्या दिशेने सुमारे अडीचशे रेषांची. प्रत्येक नकलेगणिक ती आणखी घटते. लाल रंग कडांबाहेर पसरतो, सावल्या एकमेकींत मिसळतात, आवाजावर खरखर चढते. पण ही हानी चित्रपटाच्या सर्व भागांवर सारखी होत नाही, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. निकट दृश्यातला चेहरा टिकतो. मोठ्याने उच्चारलेला संवाद टिकतो. गोळीबार, घोड्यांच्या टापा, गब्बरचे हसणे, सारे टिकते. जाते ते संधिप्रकाशातले, दूरवरचे आणि निःशब्द.

‘शोले’तील असे सर्वांत महत्त्वाचे दृश्य राधेचे आहे. वर व्हरांड्यात ती एकेक दिवा मालवत जाते आणि खाली बसलेला जय बाजा वाजवत असतो. सूर्यास्तानंतरच्या काही मिनिटांचाच प्रकाश हवा म्हणून दिव्यांच्या प्रसंगांच्या चित्रीकरणाला जवळजवळ वीस दिवस लागले. या प्रसंगात एकही शब्द नाही. विधवेच्या पुनर्विवाहाची, म्हणजे सूडावाचून पुढे जाता येण्याची, चित्रपटातील एकमेव शक्यता या अंतरात, या मंद होत जाणाऱ्या प्रकाशात ठेवलेली आहे. झिजलेल्या फितीवर या प्रसंगाचा काळसर चिखल होतो. कोठेतरी एक ठिपका विझतो आणि बाज्याचे सूर तेवढे ऐकू येतात. कुटुंबहत्येच्या प्रसंगातील शांततेचीही तीच गत. झोक्याची कुरकुर आणि वारा यांवर तो प्रसंग उभा आहे, आणि सहा ध्वनिपट्टांसाठी केलेली ती योजना एका कर्ण्यातून खरखरीसह ऐकली की, उरतात फक्त गोळ्या.

‘शोले’ म्हणजे संवाद आणि सूड, ही जी प्रतिमा आपल्या मनात पक्की झाली आहे, तिची कारणे आपण नेहमी प्रेक्षकाच्या अभिरुचीत शोधतो. काही अंशी ती माध्यमाच्या झिजेत शोधायला हवीत. संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि अफाट खपली. तिच्यात राधा जवळजवळ असणारच नाही, कारण राधा फारशी बोलत नाही. त्यानंतर आलेल्या फितींनी तिला अंधारात ढकलले. ज्या पात्राच्या वाट्याला सूडाची सर्वाधिक किंमत आली, तेच पात्र खराब प्रतीत सर्वांत आधी पुसले जाते. सूडकथेला तिच्या आतच मिळालेला विरोध असा यांत्रिक कारणाने नाहीसा होतो आणि मग समीक्षक त्या चित्रपटाला एकसुरी ठरवतो.

याच संदर्भात प्रतींच्या लांबीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. ‘शोले’च्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची लांबी १८८ मिनिटांपासून २०४ मिनिटांपर्यंत सांगितली जाते आणि त्यावरून कोठे काय कापले याचे तर्क लढवले जातात. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींच्या गतीने चित्रित होतो. पाल पद्धतीच्या व्हिडिओवर तो साधारणतः पंचवीसच्या गतीने उतरवला जातो. त्यामुळे एकही चौकट न कापता २०४ मिनिटांचा चित्रपट १९६ मिनिटांत संपतो आणि पात्रांचे आवाजही किंचित चढे लागतात. पोथीची पाने कमी भरली म्हणून श्लोक गळाले असे मानण्यापूर्वी अक्षर बारीक आहे काय, हे पाहावे लागते.

मूळ पाठ म्हणजे श्रेष्ठ पाठ, असे समीकरण मात्र मला मान्य नाही. इमामसाहेबांचा मुलगा अहमद याच्या हत्येचा प्रसंग घ्यावा. चित्रगृहांतील आवृत्तीत सचिन यांनी साकारलेला हा कोवळा मुलगा गब्बरच्या माणसांच्या हाती सापडतो. गब्बर आपल्या हातावर चढलेली एक मुंगी पाहतो, ती चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात अहमदचे प्रेत घेऊन घोडा गावात येतो. मूळ आवृत्तीत गब्बर त्याचा छळ करताना दिसतो. हा छळ गाळल्यामुळे जे घडले, ते ध्वन्यार्थाच्या कोणत्याही चर्चेत उदाहरण म्हणून द्यावे असे आहे. मुंगी आणि मुलगा यांच्यातले मूल्याचे अंतर गब्बरच्या लेखी शून्य आहे, हे एका लहानशा हालचालीने सांगून होते. हत्या दाखवण्याची गरजच उरत नाही. तिच्या मागोमाग येणारी आंधळ्या बापाची विचारपूसही त्या लोपामुळेच इतकी असह्य होते, कारण प्रेक्षकाने आपली सहनशक्ती आधीच्या क्रौर्यावर खर्च केलेली नसते. संकलक मा. स. शिंदे यांच्या कामाची (‘शोले’ला मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक त्यांच्याच संकलनाला होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते) थोरवी या एका जोडात दिसते. कापण्याचे कारण काहीही असो, कापल्यानंतर जे उरले त्याने स्वतःचा अर्थ निर्माण केला. म्हणून एकाच चित्रपटात शेवटाच्या बाबतीत मूळ पाठ सरस आणि अहमदच्या मृत्यूच्या बाबतीत लुप्त पाठ सरस, असा निर्णय मी देतो; दोन्ही ठिकाणी एकच न्याय लावण्याची सक्ती समीक्षकावर नाही.

हे सारे आज पुन्हा मांडण्याचे निमित्त २०२५ च्या जीर्णोद्धाराचे आहे. फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून केलेल्या या कामाची कथा पोथीशोधकाला आपली वाटेल. मूळ कॅमेरा निगेटिव्ह इतकी खराब झालेली की ती वापरणे अशक्य. सत्तर मिलीमीटरची एकही प्रत शिल्लक नाही. मुंबईच्या गोदामात नावाच्या चिठ्ठ्या गळून पडलेले डबे, काही रिळे इंग्लंडच्या गोदामात. मुंबई आणि लंडन येथील या साहित्यातून इटलीतील बोलोन्या येथे पाठ सिद्ध झाला आणि २७ जून २०२५ रोजी तेथेच, भर चौकात, तो दाखवण्यात आला. मूळ शेवट परत आला, गाळलेले दोन प्रसंग परत आले, रुंद चौकट परत आली. १२ डिसेंबर २०२५ रोजी हीच आवृत्ती भारतातील चित्रगृहांत प्रदर्शित झाली. पन्नास वर्षांपूर्वी जो शेवट दाखवण्यास मनाई होती, तो रीतसर दाखवला गेला. चौकट आणि शेवट यांचा डीव्हीडीने निर्माण केलेला पेच सुटला. २०१४ च्या जानेवारीत आलेल्या त्रिमितीय रूपांतराची आठवण झाली म्हणजे या कामामागचा संयम विशेष जाणवतो.

या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही पाठचिकित्सेच्या शिस्तीत वाढलेल्याला एक अस्वस्थता वाटते. १९२५ पासून सुकथनकरांच्या मार्गदर्शनाखाली आकाराला आलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीने असंख्य श्लोक संहितेबाहेर काढले. द्रौपदीच्या हाकेला धावून येणारा कृष्ण त्या आवृत्तीच्या सभापर्वात नाही. लोकमानसात तो आजही आहे, कीर्तनात आहे, मुलांच्या पुस्तकांत आहे. पण सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वगळलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशी किंवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत आढळतो त्याच्या खुणेसह, जपून ठेवला. ज्याला तो कृष्ण हवा असेल त्याला तो त्याच ग्रंथात सापडतो. चित्रपटाच्या जीर्णोद्धाराला तळटीप नसते. पडद्यावर एका वेळी एकच पाठ चालतो आणि त्याला ‘अंतिम’ असे नाव मिळाले की बाकीचे पाठ चुका ठरतात.

पण पोलीस येतात तो शेवट ही चूक नाही. तो १९७५ साली राज्यसंस्थेने एका लोकप्रिय कथेत स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर आहे. आणीबाणीतील शासन स्वतःला कसे पाहत होते, आपण ऐन वेळी पोहोचतो आणि नागरिकाला त्याच्या सूडापासून वाचवतो असे त्याला कसे भासवायचे होते, याचा इतका स्वच्छ दृश्य पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. पन्नास वर्षे कोट्यवधी प्रेक्षकांनी हाच शेवट खरा मानला. काहींना तो खटकला, बहुतेकांना खटकला नाही, आणि तो का खटकला नाही हा आपल्या समाजाच्या अभ्यासाचा विषय आहे. दिग्दर्शकाच्या इच्छेचा मान राखताना हा मजकूर पुसला गेला, तर सेन्सॉरने केलेल्या कामाचा मागही पुसला जाईल. पुढच्या पिढीचा विद्यार्थी स्वच्छ, रुंद, निर्दोष ‘शोले’ पाहील आणि आणीबाणीने त्याला कोठे स्पर्श केला होता हे त्याला दिसणारच नाही.

तेव्हा जीर्णोद्धारित ‘शोले’ घरगुती संग्रहासाठी तबकडीवर येईल, त्या वेळी तिच्यात दोन्ही शेवट असावेत, तितक्याच काळजीने स्वच्छ केलेले, एकाच रुंद चौकटीत. अहमदच्या प्रसंगाचेही दोन्ही पाठ असावेत. आणि कोणती चौकट कोणत्या साधनातून घेतली, याची यादी सोबत छापलेली असावी. कागदी ग्रंथाच्या तळटिपेला जे साधते, ते तबकडीला सहज साधण्यासारखे आहे. दृश्य निवडण्याची सोय तिच्यात पहिल्यापासून आहे. तोवर पोलीस अधिकाऱ्याने उच्चारलेला तो कायद्याचा उपदेश ज्याला पाहायचा असेल, त्याने जुनी, कापलेली, रुंद चौकटीची डीव्हीडी टाकून देऊ नये.